सगाईची कॉफी

दिग्रसला जिनिंग कारखान्याच्या फाटकासमोर माझे स्टो दुरुस्तीचे दुकान होते. माझे नाव नजीर. दिवाळी ते होळी, म्हणजे कापसाचा मोसम असेपर्यंत, मी त्याच दुकानात कॉफीही विकत असे, आणि त्या कॉफीमुळे मी स्वतःला फार मोठा कारागीर समजत असे. गावाने माझा हा समज कधी दूर केला नाही. गावाला दुसरी कामे होती.

कॉफी साधी नव्हती. तिच्यात मोहाची दारू पडायची. थंडीत अंगात ऊब आणणारे असे पेय साऱ्या यवतमाळ जिल्ह्यात माझ्याखेरीज कोणाला जमत नाही, असे मी छाती काढून सांगायचो. आणि जन्मात मी दारूचा थेंब जिभेला लावलेला नव्हता. नमाज कधीमधी चुकली असेल, पण हे पथ्य चुकले नाही. म्हणजे करणारा मी, आणि चव कशी आहे हे मला सोडून सगळ्यांना ठाऊक. माझी बायको आयशाबी म्हणायची, "पीना नहीं, चखना नहीं, और उस्ताद बने फिरते हो!" मी तिला सांगायचो की असल्या गोष्टी बायकांना कळत नाहीत. मलाही कळत नव्हत्या, पण तेवढे सांगायची काही गरज नव्हती.

कॉफी मी शिकलो ती जिनिंगच्या मद्रासी मॅनेजरांच्या घरी. त्यांचा स्टो सारखा बंद पडायचा आणि मी तो सारखा दुरुस्त करायचो. पुन्हा बंद पडण्याइतपतच दुरुस्त व्हायचा, असे त्यांचे म्हणणे. तिथे बसल्या बसल्या मी पाहायचो की पितळेच्या भोकाच्या भांड्यात पूड घालून वरून गरम पाणी ओततात आणि खाली काळा अर्क उतरू देतात. त्यांची बदली झाली तेव्हा ते भांडे मला देऊन गेले. मी ते बक्षीस समजलो. स्टो मात्र त्यांनी नवा घेतला.

आमच्याकडे तेव्हा कॉफी ही आजाऱ्याला किंवा जावयाला द्यायची वस्तू होती. दूध भरपूर, साखर भरपूर, वरून जायफळ. मी ती काळी आणि कडू करून गाडीवानांपुढे ठेवली. पौषातल्या पहाटे कापसाच्या बैलगाड्यांची रांग फाटकापासून पार नाल्यापर्यंत लागायची, माणसे घोंगड्या पांघरून कुडकुडत बसायची. मला वाटले, कॉफीवर उड्या पडतील. पहिल्याच दिवशी एका गाडीवानाने पेला हुंगून विचारले, "हे बैलाच्या खुराले लावाचं आहे का जी?"

उडी मारली ती एकट्या लखीरामने. लखीराम बंजारा, दिग्रसपासून थोड्या अंतरावरच्या तांड्यातला. त्याच्या आजोबांपर्यंत ते लोक बैलांवर मीठ-धान्य लादून गावोगाव फिरत, आता एका जागी वस्ती करून शेती करत होते. लखीरामने एक घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाला, "नजीरभाई, हे जहर आहे. धुवाले काहीतरी पाह्यजे." मग बंडीच्या खिशातून बाटली काढून त्याने माझ्या कॉफीत मोहाची ओतली. मला संताप आला. इतक्या मेहनतीने केलेल्या वस्तूत कोणी खुशाल दारू ओततो म्हणजे काय! पण दुसरा घोट घेतल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जे पसरले ते पाहून मी गप्प बसलो. त्याने घोंगडी खाली टाकली आणि बाकीच्या गाडीवानांना हाका मारल्या.

तेव्हा दारूबंदी नव्हती. लोक आपापली बाटली आणत, मी फक्त कॉफी देत असे. मौलवीसाहेबांनी विचारले असते तर मी हेच सांगणार होतो. पण ओतणारा गाडीवान असला तरी त्याच्यासाठी कॉफी बेतणारा मीच होतो, आणि ते काम मी जिवापाड केले. साखर काढून गूळ घातला. सुंठ घातली. जिनिंगचे कारकून येऊ लागले तेव्हा त्यांच्यासाठी संत्र्याची वाळवलेली साल टाकून वेगळी केली. म्हाताऱ्यांच्या खोकल्यासाठी वरून तुपाचा थेंब सोडला. एकदा मिरपूड जास्त पडली आणि एक भला माणूस ठसकत ठसकत बैलांच्या मध्ये जाऊन पडला, पण बैल शहाणे होते, त्यांनी त्याला काही केले नाही. लोक त्या पेयाला "नजीरची गरम" म्हणू लागले.

चाखता येत नसल्यामुळे मी पिणाऱ्यांची तोंडे वाचायला शिकलो. भुवया वर गेल्या म्हणजे दारू कॉफीला भेटली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या म्हणजे प्रमाण बरोबर. माणूस सासऱ्याबद्दल बोलू लागला म्हणजे पुरे, आता दुसरा पेला द्यायचा नाही. माझा एकच नियम होता, तोही लखीरामने घालून दिलेला: भांडे आचेवरून उतरल्याशिवाय दारू ओतायची नाही. असे का, हे मी कधी विचारले नाही. उस्तादाने विचारायचे नसते, असे मला वाटे.

पुढे विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि दोन-तीन वर्षांत तिकडची दारूबंदी इकडे आली. गाडीवानांच्या खिशातल्या बाटल्या नाहीशा झाल्या. मी म्हटले, हरकत नाही, लोक आपल्या कॉफीसाठी येतात. तो अख्खा मोसम मी फाटकासमोर भांडे गरम ठेवून बसलो. लोक समोरच्या चहावाल्याकडे जात आणि जाता जाता मला मोठ्या प्रेमाने रामराम करत. त्या वर्षी मी स्टो मात्र पुष्कळ दुरुस्त केले.

अशा वेळी, ऐन थंडीत, लखीराम दुकानात येऊन बसला. त्याच्या बसंतीचे जमले होते. पूनमसिंग म्हणून दुसऱ्या तांड्यातला बरा शेतकरी, त्याच्या मुलाशी. मी मुबारकबाद दिली, आयशाबीने आतून गुळाचा खडा पाठवला. लखीरामच्या चेहऱ्यावर काही आनंद दिसेना.

"सगाईले दारू लागते, नजीरभाई," तो म्हणाला. "दोनी तांड्याचे पंच समोरासमोर बसून पेतात, तवा सोयरीक पक्की. निसता गूळ वाटला तं कोणी मोजत नाही. अन् आता दारूबंदीचा जमादार तांड्यात येरझारा मारून राह्यला. पाहुण्याच्या गाड्या दिसल्या का तो येतेच."

"मग कसे करता?"

"तू ये ना. तुही कॉफी कर. कॉफी पेवाले काही बंदी नाही. पंचाइले मी सांगून ठेवलं, पेल्यात काय आहे ते. रंग कोनताही असो, मोहाची असली म्हंजे झालं. अन् तुह्यावर कोण शक घेते? तू तं पेत बी नाही."

मी थोडे आढेवेढे घेतले. मग तो म्हणाला, "तुह्यासारखा हात कोनाचा आहे सांग?" आणि मी विरघळलो. तसा मी स्तुती न करताही गेलो असतो. आमचा जफर व्हायच्या वेळी आयशाबी अडली होती, एसटी बंद होती, तेव्हा याच लखीरामने कापसाची गाडी रस्त्यातच रिकामी करून तिला तीत घालून दवाखान्यात नेले होते. बायको आणि मुलगा दोघेही मला त्याच्या बैलांनी आणून दिले. पण खरे सांगायचे तर त्या दिवशी मला ते आठवले नाही. मला माझा हातच दिसत होता.

सगाईच्या दिवशी सकाळी मी पुसदच्या एसटीतून फाट्यावर उतरलो. डोक्यावर मोठे पातेले, पातेल्यात स्टो, हातात पितळेचे भांडे. तांड्यातली कुत्री माझ्यामागे लागली, आणि उस्तादाचे आगमन जरा पळतच झाले. लखीरामने मला घरामागे कडब्याच्या गंजीच्या आडोशाला जागा दिली, म्हणजे समोरून कोणाला दिसायला नको. बाटली हवाली केली, "नीट कर," म्हणाला आणि पाहुण्यांकडे गेला. तिकडे बायकांची गाणी सुरू झाली होती. मी स्टो पेटवला, गूळ विरघळवला, सुंठ टाकली, कॉफीचा अर्क ओतला. सगळे झकास जमले. पातेले उतरवून दारू ओतली, झाकण ठेवले, आणि पाहतो तो गंजीच्या बाजूने जमादार येत होता.

त्याला ना कोणाचा संशय ना काही. थंडी वाजत होती आणि स्टो पेटलेला दिसला, एवढेच. माझ्यासमोर उकिडवा बसून त्याने हात शेकायला धरले.

"काय करून राह्यले मिया?"

"कॉफी, साहेब."

"वा! मलेही द्या मंग एक पेला."

झाकणाच्या फटीतून मोहाचा वास नुसता हाका मारत होता. नाही म्हणणे शक्य नव्हते. पाहुण्याला कोणी नाही म्हणत नाही आणि जमादाराला तर नाहीच नाही. तेव्हा माझ्यातला उस्ताद जागा झाला. मी म्हटले, "अजून कच्ची आहे साहेब, जरा थांबा," आणि पातेले पुन्हा स्टोवर चढवले. झाकण काढले, पंप मारमारून आच मोठी केली आणि अख्खे जायफळ किसून टाकले. वास मरेपर्यंत उकळायची, असे मी ठरवले. शिवाय मनात म्हटले, काढा जेवढा आटवावा तेवढा जोरकस होतो. मग दारूही आटून जोरातच येईल. पंचांना आज अशी मिळेल की नाव काढतील. वाफेचे लोट गंजीवरून उठून निघून जात होते आणि मी समाधानाने ढवळत होतो.

वास गेल्याची खात्री झाल्यावर जमादाराला पेला दिला. त्याने फुर्र करून प्यायला, नाक पुसले आणि म्हणाला, "मस्त आहे मिया. पन सर्दीनं नाक पार चोंदून गेलं, दोन दिवसांपासून मले कायचाच वास येऊन नाही राह्यला." मग दुसरा पेला मागून घेतला आणि पाहुण्यांत जाऊन बसला.

पंचांसमोर पेले मीच नेऊन ठेवले. लखीरामच्या तांड्याचे नाईक, म्हणजे प्रमुख, किसनसिंग, मोठ्या पागोट्याचे, फार तोलून बोलणारे. त्यांनी घोट घेतला. पूनमसिंगने घेतला. बाकीच्यांनी घेतला. मी सवयीने तोंडे वाचू लागलो. कोणाची भुवई हलली नाही. कान जसेच्या तसे. सासऱ्याचा विषय निघायची तर बातच नको. मी मनात म्हटले, ही खरी मुरलेली मंडळी. जमादार मध्येच बसलेला, त्यामुळे कोणी काही बोलले नाही. सगळ्यांनी पेले रिकामे केले, गूळ वाटला गेला, आणि मी पातेले डोक्यावर घेऊन घरी आलो. आयशाबीला सांगितले, "ऐसी बनी कि पूछो मत." तिने विचारलेही नाही.

होळी झाली आणि लखीराम पुन्हा आला. या वेळी तो बसलासुद्धा नाही. पूनमसिंगला आर्णीकडून दुसरे स्थळ आले होते, जास्त जमीन असलेले, आणि आता तो म्हणत होता की सगाई झालीच नाही, कारण पेल्यात दारूच नव्हती. पंच बसणार होते.

"तू फकस्त एवढं सांग," लखीराम म्हणाला, "का बाटली पुरी टाकली. बस."

"टाकलीच आहे मी! शेवटचा थेंबसुद्धा."

"मले मालूम आहे. मी सोता गाळलेली होती." तो जायला वळला आणि थांबला. "सोयरीक मोडली तं बसंतीच्या दारात दुसरा पाहुणा येत नाही, नजीरभाई. आमच्यात असंच आहे."

पंचायत लखीरामच्या तांड्यातच, चिंचेखाली भरली. दोन्ही तांड्यांचे लोक होते. बायका एका बाजूला बसल्या होत्या. बसंती त्यांच्या मागे मान खाली घालून, आणि पुढे लखीरामची म्हातारी आई बिजलीबाई, हातभर बांगड्या आणि तोंडात तंबाखू. पूनमसिंग उभा राहून बोलत होता. त्याने मला बोलावून विचारले आणि मी शिकवल्याप्रमाणे सांगितले की बाटली पुरी टाकली.

"बाटली टाकली असंन," पूनमसिंग म्हणाला. "पन बाटलीत काय होतं? मले तं एक घोट लागला नाही. लखीरामनं सोयऱ्याच्या दारूत पानी घातलं. ज्याची दारू अशी, त्याची पोरगी मी काहून घेऊ?"

सोयऱ्याला पाणी घातलेली पाजणे, याच्याइतका नीच आरोप तांड्यात दुसरा नसावा. लखीरामने फक्त आईकडे पाहिले. त्याचा तो चेहरा मला बघवेना. लखीरामच्या दारूबद्दल मला काय कळते म्हणा, पण माझ्या कॉफीबद्दल कोणी असे बोलतो म्हणजे काय! मी तडक पुढे झालो.

"नाईकसाहेब, हे मी नाही ऐकून घेणार. माह्या हातची वस्तू आहे. कशी केली ते मी सांगतो, अन् मंग बोला."

किसनसिंग म्हणाले, "सांग."

आणि मी सांगितले. सगळे, अगदी रंगवून. गूळ कसा निवडला, सुंठ कशी कुटली. दारूचा वास कसा घमघमत होता आणि गंजीच्या आडोशालासुद्धा तो कसा लपेना. जमादार कसा आला आणि माझी अक्कल कशी चालली. "दारू पडल्यावर पातेलं पुन्हा चढवलं जी. झाकण काढून टाकलं. स्टो असा भरभर पेटवला का पातेल्यातून वाफेचा ढग उठून राह्यला! अर्धं पातेलं आटवलं. अशी कडक केली का जमादाराले पत्ता नाही लागला. अन् हे म्हनतात पानी!"

मी छाती काढून उभा राहिलो. मग मागच्या रांगेतला एक म्हातारा खुसखुसला. त्याच्या शेजारचा फुटला. मग हसण्याची अशी लाट उठली की चिंचेवरचे पक्षी उडाले. दोन्ही तांड्यांचे पंच पागोटी सावरत एकमेकांच्या अंगावर पडत होते. बायका पदर तोंडात कोंबत होत्या. खुद्द पूनमसिंग उभ्या उभ्या हसत होता. मीसुद्धा थोडे हसलो, कारण सगळे हसत असताना न हसणे बरे दिसत नाही. पण कशाला हसतो आहोत हे मला कळत नव्हते.

किसनसिंगांनी डोळे पुसले आणि मला समोर बसवून, लहान पोराला सांगावे तसे, हातांनी दाखवून सांगितले. सडवलेल्या मोहाचे मडके खाली. त्याला जाळ. वर दुसरे भांडे. मडक्यातून वाफ निघते, ती वर जाऊन थंड होते आणि टिपूस टिपूस गळते. "ते जे गळते ना नजीरभाई, तेच दारू. वाफ धरली तं दारू, वाफ सोडली तं काही नाही."

इतकी वर्षे मी त्या लोकांसाठी कॉफी बेतत होतो आणि दारू कशी होते हे मी एकदाही विचारले नव्हते. जे लोक वाफेची दारू करतात, त्यांच्याच दारात बसून मी दारूची वाफ केली होती, आणि आता ते त्यांनाच फुशारकीने सांगत होतो. माझे कान तापले. त्या दिवशी प्रथमच कळले की कानाच्या पाळ्या कशा लाल होतात.

लखीरामवरचा डाग मात्र धुऊन निघाला. पंच म्हणाले, दारू अस्सल होती, पाणी नव्हते, दोष सगळा ह्या शहाण्याचा. पण पूनमसिंग अजून उभाच होता. हसू ओसरल्यावर तो म्हणाला, "लखीरामनं पानी नाही घातलं, मी बोललो ते वापस घेतो. पन दारू तं कोनी पेलीच नाही ना? मंग सगाई कायची? तुमीच सांगा, नाईक."

किसनसिंगांचा चेहरा उतरला. ते लखीरामच्या तांड्याचे नाईक, त्यामुळे त्यांना जास्तच जपून बोलावे लागे. ते जमिनीकडे पाहत हळूच म्हणाले, "रीतीनं पाह्यलं तं पूनमसिंगचं बरोबर आहे. पेले नाही, तं पक्की नाही."

मी बसंतीकडे पाहिले. पोरीने मान वर केली नाही, पण शेजारणीचा हात इतका आवळून धरला होता की तिच्या बांगड्या करकरल्या. मी केलेले हे सगळे. जमादाराला सर्दी होती, आणि मी त्याच्या नाकासाठी एका पोरीचा संसार वाफेवर सोडून दिला होता. मला तिथेच जमिनीत गडप व्हावेसे वाटले.

तेव्हा बिजलीबाई उठली. पंचायतीत बायका बोलत नसत, पण तिला अडवील असा तिथे कोणी नव्हता. निम्मे पंच तिच्यासमोर नागडे हिंडलेले. तिने तंबाखू थुंकली.

"काहो नाईक, दारू पेल्यात पडली का पयला थेंब कोनाले देता तुमी?"

"देवीले देतो, माय." तांड्यात हे सगळेच करतात, पिण्याआधी बोट बुडवून देवीच्या नावाने थेंब शिंपडतात. त्याशिवाय कोणी पेला तोंडाला लावत नाही.

"अन् त्या दिवशी देला होता?"

पंच एकमेकांकडे बघू लागले. जमादार समोर बसलेला असताना कोणाची बोटे बुडवायची हिंमत झाली होती! किसनसिंग पुटपुटले, "नाही, माय. तो बसला होता ना."

"म्हंजे तुमी देवीले इसरले. जमादाराले भेले अन् देवीले इसरले." तिने सगळ्यांवरून नजर फिरवली. "मंग तिनं आपलं आपन घेतलं. तुमी एक थेंब देत होते, तिनं पुरी बाटली घेतली, तुमच्या तोंडासमोरून, ह्या येड्याच्या हातानं." हा येडा म्हणजे मी. "माही नात देवीनं पेऊन पक्की केली. तुमी पंच पेले असते तं तुमाले मोडता आली असती. आता हे मोडाची कोनात धमक असंन, त्यानं उभं राहावं. मले त्याचं तोंड पाहू द्या."

चिंचेखाली कोणी हलले नाही. उभा असा एकच माणूस होता, तो म्हणजे पूनमसिंग. सगळ्यांचे डोळे त्याच्याकडे वळले. त्याने आपल्या मुलाकडे पाहिले, मुलगा जमिनीवर काडीने रेघा ओढत होता. मग त्याने बिजलीबाईकडे पाहिले. आणि तो खाली बसला.

किसनसिंगांनी हात वर करून सगाई पक्की म्हणून सांगितले. बायकांकडून एकदम गाण्याचा सूर उठला. कोणीतरी पळत जाऊन गुळाची ढेप आणली. लखीरामने ती फोडली आणि सोयऱ्याला द्यायचा पहिला खडा हातात घेतला. पूनमसिंगनेही हात पुढे केला होता. पण लखीराम त्याला ओलांडून माझ्याकडे आला, दोन्ही तांड्यांदेखत माझ्या तोंडात तो खडा कोंबला आणि मला मिठी मारून ओक्साबोक्शी रडू लागला. मीही रडलो. तोंडात गूळ असल्यामुळे मला नीट रडताही येईना, आणि भोवतालच्यांना वाटले की मी अजून हसतो आहे, म्हणून तेही पुन्हा हसू लागले.